भाकरी आहेच, पण पावाचं काय?

"अहो, पण आपल्याकडे भाकरी आहे की! मग ब्रेडच कशाला हवा?"

लेकीला सिलिअॅक नावाचा आतड्याचा आजार आहे, गहू अजिबात चालत नाही, असं कुणालाही सांगितलं की पहिलं वाक्य हेच येतं. सोसायटीतल्या काकूंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या हेच म्हणतात, आणि त्यात खोटं काहीच नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, यातल्या कशातच ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते न चालणारं प्रथिन, नसतं. एकादशीला तर आमच्याकडे सगळ्यांचं ताट सारखंच असतं, साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, सगळं तिला चालतं. गणपतीत उकडीचे मोदक चालतात. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, त्यामुळे घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी हे घरात आधीपासूनच होतं. हा आजार निघाल्यावर युरोप-अमेरिकेतल्या माणसाला जे सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं ते आपल्या आज्या-पणज्या रोज करत होत्या, हे मला पूर्ण मान्य आहे आणि त्याचं खूप मोल वाटतं.

पण तरी ते उत्तर नाही. नऊ वर्षांच्या मुलीने सगळं लहानपण पावभाजी, सँडविच, मिसळपाव, आजारी पडल्यावर चहा-टोस्ट यात काढलेलं असतं. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की सगळ्यांना तेच मिळतं, ट्रिपला गेलं की बस थांबते ती वडापावच्या गाडीसमोरच, कॉलनीतल्या कोजागिरीला भाजीची मोठी कढई आणि शेजारी लाद्या रचून ठेवलेल्या. तिथे डब्यातून भाकरी काढून पावभाजीची भाजी खाता येते, छान लागते सुद्धा, पण आजूबाजूची दहा मुलं पाव भाजीत बुडवून खातायत आणि आपण एकटीच वेगळं काहीतरी खातोय हे त्या वयात फार टोचतं. आपल्यात पंगत म्हणजे काय तर सगळ्यांच्या पानात सारखं वाढलेलं, त्यातून एकाचं पान सतत वेगळं ठेवायचं आणि वर त्यालाच सांगायचं की तुझं जास्त पौष्टिक आहे, हे मला पटत नाही. भाकरी पौष्टिक आहे म्हणून पावाची इच्छा चुकीची ठरत नाही. ती इच्छा सरळ आहे, आणि ती पूर्ण करता येते, एवढंच मला या लेखात सांगायचंय.

आजाराबद्दल थोडक्यात, कारण अजूनही लोक याला अॅलर्जी किंवा डाएटचं फॅड समजतात. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, इंग्रजीत rye म्हणतात ते धान्य) या तीन धान्यांतल्या प्रथिनांमुळे, म्हणजे ग्लुटेनमुळे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यामुळे अन्न शोषलं जातं, ते झिजून सपाट होतात. मग मूल कितीही खाऊ दे, अंगी लागत नाही, हिमोग्लोबिन वर येत नाही, उंची थांबते. रक्ताची टीटीजी नावाची टेस्ट असते आणि नंतर एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतात. आणि हे कृपया लक्षात ठेवा, टेस्ट होण्याआधी गहू बंद करायचा नाही, नाहीतर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. औषध नाही. आयुष्यभर ही तिन्ही धान्यं बंद, एवढाच इलाज. उत्तर भारतात हे प्रमाण साधारण शंभरात एक आहे, दक्षिणेकडे बरंच कमी, त्यामुळे आपल्याकडे पुष्कळांनी नावच ऐकलेलं नसतं.

गव्हाचा हा संबंध ज्यांनी सिद्ध केला ते विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ. हेगच्या मुलांच्या हॉस्पिटलात काम करायचे. ब्रेड बंद केला की माझं मूल बरं होतं असं एका आईने सांगितलं होतं आणि १९३० च्या दशकातच त्यांचं लक्ष तिकडे गेलं. मग १९४४-४५ चा हिवाळा आला, हॉलंडमध्ये भयानक दुष्काळ, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते, गव्हाचा ब्रेड दिसेना, आणि अशा उपासमारीत ही सिलिअॅकची मुलं मात्र सुधारली. पुढे ब्रेड परत आला आणि ती परत आजारी पडली. १९५० साली डिकेंनी यावर प्रबंध लिहिला. मला या सगळ्या गोष्टीत ती आई फार महत्त्वाची वाटते. तिचं नाव कुठे नाही, पण पोराच्या ताटाकडे नीट बघितलं ते तिनेच, आणि मोठेपण डिकेंचं असं की त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही.

आता ब्रेडकडे वळते, पण त्याआधी पिठाचं बोलायला हवं, कारण ब्रेड तिथेच बिघडतो. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, नियमाप्रमाणे ग्लुटेन फ्री म्हणायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. जगभर बहुतेक ठिकाणी हाच आकडा आहे. तो किती कडक आहे ते असं समजा, साध्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे स्लाइसचा पन्नासावा भाग. टोस्टरच्या तळाशी जो चुरा साठतो ना, तेवढा. त्यामुळे "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" याला या आजारात जागाच नाही.

आणि इथे भाकरीवाल्या उत्तराची दुसरी बाजू येते. गिरणीत ज्वारी-बाजरीची चक्की बऱ्याचदा वेगळी असते हे खरं, पण खोली एकच, हवेत उडणारं पीठ एकच, डबे भरायचं सुपलं एकच. आमचे गिरणीवाले दादा फार चांगले, मी सांगितल्यावर म्हणाले ताई मी पहाटे सगळ्यात आधी तुमचं दळून देतो, पण रात्रीचं गव्हाचं पीठ चक्कीत असतंच ना. शेवटी आम्ही घरघंटी घेतली, आणि तिच्यात आजपर्यंत गव्हाचा एक दाणा गेलेला नाही. बाकी घरच्यांच्या पोळ्यांचं पीठ बाहेरून दळून येतं आणि स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला राहतं. पोळपाट-लाटणं वेगळं, कारण लाकडात पीठ मुरतं. टोस्टर वेगळा. हिंगाचं तर मी लोकांना सांगून सांगून थकले, बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात मैदा असतो, डबी उलटी करून वाचा. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठात गहू असतो. माल्टवाली दुधातली पावडर जवापासून, ती बंद. आणि खपली. खपली गव्हात ग्लुटेन नसतं असं छातीठोकपणे सांगणारे इतके भेटलेत, अगदी धान्याच्या दुकानात पाटी लावून विकतात, आणि ते साफ चूक आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, सिलिअॅकच्या माणसाला तो विषासारखाच. साध्या सावरडोचंही, म्हणजे यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठाने फुगवलेल्या ब्रेडचंही, तेच, आंबवलं म्हणून गव्हातलं ग्लुटेन जात नाही.

विकतचा ब्रेड आम्ही आधी खूप शोधला. सुपरमार्केटात फ्रोझन मिळतो तो, ऑनलाइन मागवायचा तो, परदेशातून येणारा तो. साध्या ब्रेडच्या कित्येक पट किंमत, स्लाइस तळहाताएवढा, मधोमध मोठं भोक, आणि भाजल्याशिवाय खाल्ला तर तोंडात कोरडा चुरा. काही ब्रेड असे की आत स्टार्च सोडून काही नाही, कॉर्नस्टार्च, बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका, साखर. रंग पांढराशुभ्र पण चव कसलीच नाही. एका बेकरीने काचेवर मोठ्या अक्षरात ग्लुटेन फ्री लिहिलं होतं, आत डोकावलं तर त्याच टेबलावर मैद्याचं पीठ पसरलेलं आणि त्याच ट्रेमध्ये दोन्ही. विचारलं तर म्हणाले मॅडम यात मैदा घातलेला नाहीये. वाईट हेतू नव्हता त्यांचा, पण लेबल लावायचं तर त्यामागचं काम करायला हवं. हा ब्रेड कुणी हौस म्हणून खाणारा असेल तर वेगळं, इथे एका लहान मुलीचं आतडं त्या लेबलवर अवलंबून असतं.

माझी चुलत बहीण लंडनजवळ राहते, तिच्याकडे साध्या सुपरमार्केटातसुद्धा यासाठी वेगळं रॅक असतं. इंग्लंडमध्ये काही भागांत सिलिअॅकच्या पेशंटला ग्लुटेन फ्री ब्रेड चक्क डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो. इटलीत तर सरकार या लोकांना दर महिन्याला ठराविक रकमेची मदत देतं, की पास्ता आणि ब्रेड हे तुमचं रोजचं अन्न आहे, ते तुम्हाला परवडलं पाहिजे. मला हा विचार फार आवडला. त्यांनी कुणी असं म्हटलं नाही की भात खा. इटलीतसुद्धा भात पिकतो, रिसोत्तो करतातच की ते लोक. पण ब्रेड हा माणसाचा हक्काचा घास आहे असं एका देशाने मान्य केलं, आणि त्यासाठी पैसे बाजूला काढले.

मग घरी करायचं ठरलं. घरी करताना आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, ग्लुटेन नेमकं काय काम करतं ती. पाणी घालून कणीक मळली की त्यातल्या दोन प्रथिनांची एक ताणली जाणारी जाळी तयार होते. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ती जाळी फुग्यासारखी तो वायू धरून ठेवते. भट्टीत गेल्यावर ती घट्ट होते आणि आतली भोकं तशीच राहतात, तो झाला पाव. ज्वारीत वायू तयार होतो, पण धरणारं कुणी नसतं, त्यामुळे तो निघून जातो आणि वीट तयार होते. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच, की वायू धरायचा कशाने.

याचं उत्तर मी इंग्रजी व्हिडिओत शोधत होते. तिकडे झँथन गम, म्हणजे पीठ चिकट करणारी एक पावडर, सांगतात, ते चालतं, पण मला त्याचा बुळबुळीतपणा आवडला नाही. आणि सासूबाई मोदकाची उकड काढत होत्या. तांदळाच्या पिठीत ताणणारं काहीच नाही, तरी त्यांच्या हातात पारी इतकी पातळ होते की आतलं सारण दिसतं, आणि फाटत नाही. मी हा प्रकार लग्न झाल्यापासून बघतेय, पण ब्रेडच्या नादात असल्यामुळे तेव्हा तो वेगळ्या डोळ्यांनी बघितला. उकळत्या पाण्यात पिठी पडली की तिच्यातला स्टार्च फुगतो, पाणी धरतो, चिकट होतो. ज्वारीचं पीठ विरी गेलेलं असलं, भाकरी थापताना तुटत असली, की आपण गरम पाण्यात मळतो, त्याचंही कारण तेच. चीन-जपानकडचे बेकर मऊ ब्रेडसाठी थोडं पीठ पाण्यात शिजवून घालतात आणि त्याचं जगभर कौतुक होतं, ती पण उकडच. मी सासूबाईंना विचारलं, आई, ब्रेडमध्ये थोडी उकड घातली तर? त्या म्हणाल्या घालून बघ, पण मीठ-तेल उकडीतच घाल, नंतर नीट लागत नाही.

दुसरी वस्तू इसबगोल. जगात सगळ्यात जास्त इसबगोल आपल्या देशात होतो, गुजरात, राजस्थानात, आणि त्याच्या भुशीचा मोठा व्यापार उंझा-सिद्धपूर भागात. आपल्याकडे ती पोट साफ होण्यासाठी मेडिकलमधून आणतात आणि अमेरिकेतले ग्लुटेन फ्री बेकर तीच भुशी वापरून त्यांचे सगळ्यात चांगले ब्रेड करतात. आणताना साधी आणायची, संत्र्याच्या चवीची साखर घातलेली नाही. ती पाण्यात टाकून ढवळत राहिलं की आधी काहीच होत नाही, पाण्यात नुसता कोंडा तरंगतो, मग चमचा जड व्हायला लागतो, पाणी गढूळ होत होत गोळा व्हायला लागतं, आणि दोनेक मिनिटांत भांडं उलटं केलं तरी पडत नाही अशी जेली तयार. हीच जेली पिठात गेली की जी गोष्ट गव्हाशिवाय अशक्य वाटते ती होते, पिठाचा गोळा हातात येतो, त्याला आकार देता येतो, थोडा ताणला तरी चालतो.

आमच्या रोजच्या लोफचं प्रमाण सांगते, छोट्या टिनचं. ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, तांदळाची पिठी १०० ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ ८० ग्रॅम. ज्वारी शक्यतो मालदांडी, मंगळवेढ्याकडची मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिला गोडवा असतो आणि कडवट वास येत नाही. नाचणी घातली तर रंग सुंदर येतो पण मुलांना चालेलच असं नाही. बाजरी ताजी दळलेली असेल तरच, ती लवकर खवट होते आणि ब्रेडमध्ये तो वास दडत नाही. या पिठांपैकी ५० ग्रॅम तांदळाची पिठी १५० मिली पाण्यात शिजवून पातळसर उकड करायची, त्यातच ६ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम तेल. २०० मिली कोमट पाण्यात १८ ग्रॅम इसबगोल भिजवायचं. उकड हाताला सोसेल इतकी निवली की हे दोन्ही, उरलेली पिठं, १५ ग्रॅम साखर, ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि चमचाभर लिंबाचा रस सगळं एकत्र मळायचं. मळायचं म्हणजे फक्त एकजीव होईपर्यंत, इथे गव्हासारखं दहा-पंधरा मिनिटं आपटून काही मिळत नाही, जाळी तयारच व्हायची नाहीये. वजनकाटा मात्र हवाच. वाटी-चमच्याने इसबगोल मोजलं तर कधी तीन ग्रॅम कमी कधी चार जास्त, आणि तेवढ्याने ब्रेड एकदा चुरा होतो आणि एकदा रबर.

टिनला तेल लावून गोळा आत दाबायचा, ओल्या हाताने वरून गुळगुळीत करायचा आणि झाकून ठेवायचा. फुगणं एकदाच. गव्हाचा ब्रेड एकदा फुगवून, दाबून, परत फुगवतात, इथे दाबलं की गेलेला वायू परत यायची ताकद नसते. पुण्यात मे महिन्यात अर्ध्या-पाऊण तासात होतं, डिसेंबरात दीड तास लागतो. टिनच्या काठाच्या जरा खाली आलं की लगेच ओव्हनमध्ये, कारण जास्त फुगलं तर भाजताना मधोमध बसतं. २०० डिग्रीवर तासभर. एवढा वेळ बघून लोक घाबरतात, पण यात पाणी खूप असतं, ते बाहेर पडायला हवं. वरून रंग आला म्हणजे झाला असं नाही, थर्मामीटर मध्यात खुपसल्यावर ९७-९८ डिग्री दाखवला पाहिजे.

आणि मग सगळ्यात अवघड भाग, थांबणं. घरभर वास सुटलेला असतो, लेक ओट्याला टेकून उभी असते, आई आता कापूया ना, पण गरम कापला तर सुरीला चिकट लगदा येतो, कारण आतला स्टार्च अजून बसलेला नसतो. जाळीवर काढून दोन-तीन तास तसाच ठेवायचा. पूर्ण गार झाल्यावर दातेरी सुरीने कापला की करकर आवाज होतो, कवच जाड आणि तांबूस, आतमध्ये बारीक सारखी भोकं, रंग फिका राखाडी-पांढरा, बोटाने दाबलं की हळूहळू वर येतो. पहिल्यांदा असा निघाला तेव्हा लेकीने स्लाइस खाल्लाच नाही, आधी दुमडून बघितला. मोडला नाही. मग म्हणाली, आई, याचं सँडविच होईल. बटाट्याचं, काकडी-टोमॅटोचं, हिरवी चटणी लावून, बाकी सगळ्या मुलींच्या डब्यात असतं तसं. तिला चवीपेक्षा ते दुमडणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि ते बरोबरच आहे, सँडविच म्हणजे हातात धरता येणारी गोष्ट.

हा ब्रेड शिळा लवकर होतो. शिजलेला स्टार्च गार होत जातो तसा परत कडक व्हायला लागतो, भात फ्रिजमध्ये ठेवला की होतो तसाच. उकडीमुळे दुसऱ्या दिवसापर्यंत नक्की मऊ राहतो, त्यापुढे नाही. म्हणून गार झाल्या झाल्या सगळा कापायचा, दोन स्लाइसमध्ये बटर पेपर घालायचा आणि फ्रीझरमध्ये. फ्रिजमध्ये नाही, फ्रिजमध्ये तर आणखी लवकर कडक होतो. सकाळी फ्रीझरमधून थेट टोस्टरमध्ये.

लोफ जमला, पण पाव वेगळी गोष्ट आहे. लादीतला पाव मऊ, हलका, फाडला की कापसासारखे धागे निघणारा. त्याला ज्वारी जड पडते. इथे उडीद कामाला आले. इडली आणि आंबोळी बघा, त्यांत गहू नाही, तरी पीठ दुप्पट फुगतं आणि फुगलेलं राहतं. उडदात एक चिकट कार्बोहायड्रेट असतं आणि अशी प्रथिनं असतात की त्यांच्यामुळे बुडबुडे फुटत नाहीत, आंबवताना तयार झालेला वायू त्या फेसात अडकून बसतो. गोव्यात सान्नां, म्हणजे इडलीसारखा वाफवलेला प्रकार, करतात त्यातही तांदळाचं पीठच फुगवलेलं असतं, पूर्वापार माडाच्या सुरेने. म्हणजे गव्हाशिवाय वायू धरण्याची विद्या आपल्या किनाऱ्यावर कधीपासूनची आहे, फक्त ती वाफेवर आणि तव्यावर थांबली, भट्टीत गेली नाही. भट्टी पोर्तुगीजांबरोबर आली आणि ती गव्हाची होऊन राहिली.

तर पावासाठी ५० ग्रॅम उडीद डाळ चार तास भिजवून अगदी कमी पाण्यात वाटायची आणि हाताने फेटायची, दहीवड्याला फेटतो तशी, थेंब पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे. वरच्याच प्रमाणात ज्वारी ७० ग्रॅमवर आणायची आणि पाणी थोडं कमी करून ही फेटलेली डाळ शेवटी हलक्या हाताने मिसळायची. तेलाच्या हाताने गोळे करून ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून लावायचे, म्हणजे बाजूला पसरण्याऐवजी वर चढतात, वरून दुधाचा हात, २०० डिग्रीवर पंचवीस-तीस मिनिटं. धागे निघत नाहीत, ते मान्य करते. पण मऊ होतो, मधोमध कापून तव्यावर बटर लावून भाजला की पावभाजीबरोबर उत्तम लागतो, आणि मिसळीच्या रश्श्यात बुडवला तर विरघळत नाही. वडापाव मात्र घरचाच, कारण गाडीवर वड्याच्या बेसनात आणि हिंगात काय आहे ते कळत नाही आणि त्याच कढईत ब्रेड पकोडा पण तळलेला असतो. घरी हरभऱ्याची डाळ घरघंटीत दळते, हिंग तांदळाच्या पिठातला, आणि सुकी लसणाची चटणी आजीची.

गेल्या कोजागिरीला मी भाजी करायचं माझ्याकडे घेतलं आणि तिच्यासाठी एकटीसाठी नाही, पूर्ण लादी नेली. बाकीच्यांचे पाव वेगळ्या टेबलावर. तिच्या मैत्रिणींनी मागून घेतले, एक-दोघींना आवडले, एकीने सरळ सांगितलं की मला माझा पावच बरा वाटतो. लेक त्यावर हसली आणि म्हणाली मग मला जास्त राहतील. ती त्या दिवशी कुणालाही काही समजावून सांगत बसली नाही की मी हे का खाते, बसून खात होती, आणि मला तेच हवं होतं.

जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली नुसत्या तांदळाच्या पिठीचा, कसलाही गम न घातलेला ब्रेड कसा फुगतो ते दाखवलं. पीठ दळताना स्टार्चचे कण मोडले नाहीत तर तेच कण बुडबुड्याभोवती गोळा होऊन त्याला धरून ठेवतात, आणि ते मोडू नयेत म्हणून तांदूळ ओला असताना दळतात. हे वाचल्यावर मला आपली मोदकाची पिठी आठवली, तांदूळ धुऊन, फडक्यावर सावलीत वाळवून दळलेली. सासूबाई म्हणतात पूर्ण कोरडा करायचा नाही, हाताला गारवा लागला पाहिजे. सध्या आम्ही दोघी त्या पिठीवर काम करतोय. घरघंटीची जाळी कोणती लावायची, ओलसर तांदूळ अडकू नये म्हणून एका वेळी किती टाकायचे, अशा बारीकसारीक गोष्टी आहेत, पण त्या पिठीचा पाव ज्वारीपेक्षा नक्कीच हलका होतोय.

मला खरं तर हे घरापुरतं ठेवायचं नाहीये. मंगळवेढ्याची ज्वारी आहे, कोकणातला तांदूळ आहे, सेलमचा साबुदाणा आहे, गुजरातची भुशी आहे, म्हणजे सगळा कच्चा माल आपल्या दारात. फ्रोझन होऊन समुद्रापलीकडून आलेल्या कॉर्नस्टार्चच्या स्लाइससाठी इथल्या आयांनी एवढे पैसे का मोजायचे? पुण्यात, सोलापुरात, नाशकात एक अशी बेकरी निघाली पाहिजे की जिथे गव्हाचं पोतं दारातून आतच येत नाही, प्रत्येक घाणा तपासून लेबल लागतं आणि सकाळी सहाला लादी तयार असते, म्हणजे शाळेच्या डब्याआधी मिळेल. कुणी काढत असेल तर उकडीचं आणि उडदाचं प्रमाण द्यायला मी तयार आहे, सासूबाई उकड शिकवायला येतील, त्यांनी स्वतः सांगितलंय. रोजची एक लादी आमची धरून ठेवा.